ज्या रात्री त्यानं उपकार मानले

डिसेंबरच्या शेवटच्या रात्री मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक जुनी रीत पाळली जाते. रात्री दहाच्या सुमारास देवळात जमायचं, सरत्या वर्षाबद्दल देवाची उपकारस्तुती करायची आणि बाराच्या ठोक्याला प्रार्थनेत असतानाच नव्या वर्षात पाऊल टाकायचं. पुण्यात त्या रात्री कॅम्पात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून वाट काढत, शाली-स्वेटर आवळत आमची माणसं उपासनेला येतात. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातली दोन-तीन गीतं होतात, पेटी-तबला थांबतो आणि पाळकसाहेब विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?"

मग एकेक जण उभं राहतं. कोणाच्या नातीला बारावीला चांगले मार्क पडलेले असतात. कोणाची बायपास नीट पार पडलेली असते. कोणाला मांजरी गावात घराचा ताबा मिळालेला असतो, कोणाच्या मुलीचं लग्न जमलेलं असतं. प्रत्येक साक्षीनंतर मंडळी "आमेन" म्हणते. मला हे लहानपणापासून आवडत आलं आहे. आपलं चांगलं झालं हे चारचौघांत सांगायचं आणि त्याचं श्रेय स्वतःकडे घ्यायचं नाही, ही शिकवण आजच्या दिवसांत फार मोलाची आहे.

पण त्याच बाकांवर अशीही माणसं असतात, ज्यांच्या वर्षात सांगण्याजोगं चांगलं काही घडलेलंच नसतं. घरातलं माणूस गेलेलं असतं, नोकरी सुटलेली असते, तरुण मुलानं बोलणं टाकलेलं असतं. ती मान खाली घालून गीतपुस्तकाची पानं चाळत राहतात. २०२१ च्या डिसेंबरात मी त्यांच्यात बसले होते. तेव्हापासून एक प्रश्न माझ्यासोबत आहे. उपकार झाले म्हणून उपकार मानायचे, हे सरळ आहे. पण ज्या वर्षी उपकार डोळ्यांना दिसतच नाहीत, त्या वर्षी उपकारस्तुती करायची म्हणजे नक्की काय करायचं?

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझा मोठा भाऊ गेला. महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले होते, पण पहिली लाट आमच्या घराला न शिवता गेली. १२ एप्रिल २०२० चा पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, देवळं बंद असताना आला, तेव्हा दादानं पेटी बाल्कनीत आणली होती. त्याच्यामागून आम्ही सगळ्यांनी गाणी म्हटली, समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. एक वर्षानं दुसऱ्या लाटेत ती पेटी कपाटावर गेली. बेडसाठी फोन, ऑक्सिजनसाठी फोन, इंजेक्शनसाठी फोन, आणि मग एका पहाटे हॉस्पिटलमधून आलेला फोन. पुण्यात त्या महिन्यात किती घरांनी हेच पाहिलं, ते वाचणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

आमच्यात मयतीला गातात. घरातून निघताना, वाटेवर, मातीच्या कडेला. दादानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मयतीला पेटी वाजवली. बोलावलं नसलं तरी जायचा. त्याच्या वेळी सोलापूर रस्त्यावरच्या दफनभूमीत आम्ही मोजकी माणसं अंतर राखून उभे होतो, पीपीई किट घातलेली मुलं घाईत होती, पाळकसाहेबांनी मास्कमधून वचन वाचलं. गीत झालं नाही. मला दादाच्या जाण्याइतकंच ते लागलं.

नंतर भेटायला येणारे, फोन करणारे खूप होते. "प्रभूची इच्छा." "त्याला चांगली माणसं लवकर हवी असतात." "जे होतं ते भल्यासाठीच." ही सगळी माणसं प्रेमानं बोलत होती आणि त्यांतल्या काहींनी महिनाभर वहिनीच्या घरी डबे पोचवले. तेव्हा मला कोणाबद्दल राग नाही. पण हे शब्द मला पटले नाहीत आणि आजही पटत नाहीत. बेड मिळाला नाही ही देवाची इच्छा होती, असं म्हणण्यात मला विश्वास दिसत नाही. आपल्याकडून जे झालं नाही त्याची जबाबदारी अलगद देवावर टाकणं दिसतं.

दादाच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर, बायबलमधल्या प्रेषित पौलाचं एक वचन काचेत लावलेलं आहे. ख्रिस्ती घरांत बहुतेक ठिकाणी दिसेल. "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं. वहिनीनं ती तसबीर काढली नाही. पण तिच्याखाली बसणं तिनं सोडलं. पाहुणे आले की ती दाराजवळच्या खुर्चीत बसायची.

या प्रश्नाशी झगडताना मला पहिल्यांदा आठवले ते बायबलमधले कोणी नव्हे, तुकोबा. पुण्याच्या ख्रिस्ती माणसाला देहू परकं नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तर म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली. आणि हा माणूस लिहितो, "बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥" दिवाळं निघालं, बरं झालं. दुष्काळानं पिडलं, बरं झालं. कारण त्यातूनच तुझं चिंतन उरलं.

हा अभंग मी शाळेपासून ऐकत आले, पण त्या उन्हाळ्यात तो वाचताना माझा घसा कोरडा पडला. एवढी उंची माझ्यात नाही. दादा गेला हे बरं झालं, असं मी कधीही म्हणू शकणार नाही, आणि देव माझ्याकडून ते म्हणवून घेईल असंही मला वाटत नाही. पण पुन्हा पुन्हा वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. तुकोबा हे स्वतःच्या दिवाळ्याबद्दल बोलतात. शेजाऱ्याच्या दारात जाऊन, त्याचं पोर गेलं असताना, "बरं झालं" असं ते म्हणत नाहीत. तो शब्द सोसणाऱ्याचा आहे. तो त्याला त्याच्या वेळी सुचेल किंवा सुचणार नाही. भेटायला आलेल्यांनी तो आणून द्यायचा नसतो. आमच्या मंडळ्यांनी एवढं जरी पाळलं, तरी दुःखातल्या कितीतरी माणसांना देवळात यायला जड जाणार नाही.

मग मी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेकडे वळले. ती मी लहानपणी पाठ केली होती, पण निवडक. रविवारच्या शाळेत आम्हाला मेंढपाळाचं स्तोत्र २३ शिकवलं, डोंगराकडे डोळे लावणारं १२१ शिकवलं, १०० शिकवलं. १३ कोणी शिकवलं नाही. ते सुरूच होतं "कोठवर" या हाकेनं. परमेश्वरा, कोठवर तू मला विसरणार? कोठवर तोंड लपवणार? एका दमात चार वेळा कोठवर. आणि ८८ तर त्याहून वेगळं. बाकीची बहुतेक विलापगीतं शेवटी कुठंतरी आशेवर टेकतात; हे अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कोणी ते काढून टाकलं नाही, शेवटी दोन ओळी आशेच्या जोडल्या नाहीत. शेकडो वर्षं यहुदी आणि ख्रिस्ती माणसांनी ते मोठ्यानं वाचलं आहे. दीडशे स्तोत्रांमधली विलापाची स्तोत्रं मोजायला लागलं की कळतं, देवाशी भांडणं ही आपल्या विश्वासातली पडझड नाही, तो त्याचा भागच आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही एक विलापाचंच स्तोत्र. माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास.

एवढं सापडल्यावर मला थोडा श्वास मिळाला. तक्रार करायची मुभा मिळाली. पण उपकारस्तुतीचं काय, ते अजून कळलं नव्हतं.

ते कळलं प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करायच्या विधीच्या वेळी. देवळं उघडली होती, बाकांवर फुल्या मारलेल्या होत्या, एका बाकावर दोनच माणसं. पाळकसाहेबांनी नेहमीची वाक्यं म्हटली, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातली. ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं, त्या रात्री त्यानं भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. दृढीकरण झाल्यापासून मी हे ऐकत आले आहे. त्या सकाळी मला फक्त "त्या रात्री" एवढंच ऐकू आलं.

कुठल्या रात्री? पुनरुत्थानाच्या पहाटे नाही. पाच हजारांना जेवू घातलं त्या संध्याकाळीही नाही, जरी तिथंही त्यानं आभार मानले होते. त्याला धरून देण्यासाठी ज्याला पैसे मिळाले तो यहूदा पंगतीला बसलेला आहे. कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारणारा पेत्र शेजारी आहे. उद्या काय होणार हे यजमानाला ठाऊक आहे. त्या रात्री त्यानं भाकर हातात घेतली आणि आभार मानले. कशाबद्दल? वधस्तंभाबद्दल नक्कीच नाही. कारण त्यानंतर काही तासांतच तो गेथशेमाने बागेत जमिनीवर पडून म्हणतो की, बापा, हा प्याला माझ्यावरून टळून जावो. त्यानं आभार मानले ते भाकरीबद्दल. हातात होतं त्याबद्दल. समोर बसलेल्यांबद्दल, ते जसे होते तसे. आणि त्याच तोंडानं, त्याच रात्री, जे येत होतं ते नको म्हणून विनवणीही केली.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. आभार आणि आक्रोश यांतलं एक निवडायचं नसतं. रात्र सरली की मग पावती फाडल्यासारखे आभार मानायचे, असंही नसतं. आणि दुःखाला चांगलं म्हणायचंही नसतं. हातातल्या भाकरीबद्दल त्या रात्रीच्या मध्यावर बापाचे आभार मानायचे, आणि प्याल्याबद्दल मोकळेपणानं नको म्हणायचं. दोन्ही त्याच्यापाशीच.

मत्तय आणखी एक लहानशी गोष्ट सांगतो, जी सहज नजरेतून सुटते. जेवण झाल्यावर, जैतुनांच्या डोंगराकडे निघायच्या आधी, त्यांनी गीत गाइलं. ते जेवण वल्हांडण या यहुदी सणाचं होतं, असं मत्तय सांगतो, आणि त्या जेवणात ११३ ते ११८ ही स्तोत्रं गायची यहुद्यांची रीत आहे. त्यांतल्या शेवटच्या स्तोत्रात देवाची दया सर्वकाळची आहे हे पुन्हा पुन्हा येतं. म्हणजे प्रभू मरणाकडे निघाला तो गात निघाला. दादाच्या मातीला गीत झालं नाही, हे शल्य गेलं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे तो गेला, त्याला गाण्याचं मोल आणि मरणाच्या आदल्या रात्रीची भीती, दोन्ही ठाऊक आहेत. एवढ्यावर मी पुन्हा प्रार्थनेला बसू शकले.

आता हे सगळं वाचून-विचार करून झालेलं. रोज करायचं कसं, ते मला आमच्या मंडळीतल्या एका मावशींनी शिकवलं. राहुरीकडच्या. उभं आयुष्य नर्सिंग केलेलं, आता ऐंशीच्या पुढे. यजमान गेले, एक मुलगा गेला, गुडघे गेले. गुरुवारच्या महिला प्रार्थनेत त्यांची पाळी आली की काही जणी घड्याळाकडे बघतात, कारण मावशींची प्रार्थना लांबते. आणि ती असते अशी: "प्रभू बापा, आज नळाला धार बरी होती, तुझे उपकार. लिफ्ट चालू झाली, तुझे उपकार. ती भाजीवाली पोरगी ओझं वर आणून देती, तिला बरकत दे, तुझे उपकार. रात्री दोनदाच जाग आली, तुझे उपकार. गुडघा लई दुखतोय बापा, ते काही मी चांगलं म्हणणार नाही, त्याचं बघ काहीतरी. आणि माझ्या लेकाला तिकडं संभाळ."

एकदा मी त्यांना विचारलं, "मावशी, देवाला तर हे सगळं माहीतच असतं ना?"

"माहीत असतं की," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीला पण माहीत असतं मी जेवले म्हणून. तरी रोज रात्री नाशकाहून फोन करून विचारती ना? मग मी पण सांगती, वांग्याचं भरीत केलं होतं. त्यात काय नवीन कळतं तिला? पण ज्या दिवशी फोन नाही येत, त्या दिवशी भरताला चव राहत नाही बघ."

वॉर्डात रात्रपाळी करताना ही सवय लागली, असं त्यांनी सांगितलं. सकाळी चार्ज देताना जसं एकेका पेशंटचं सांगायचं, कोणाचा ताप उतरला, कोणाचं सलाईन चालू आहे, कोण गेलं, तसं त्या देवाला सांगू लागल्या. वाईट असेल तेही त्यात येतंच. मात्र सुरुवात नेहमी जे बरं आहे त्यापासून, म्हणाल्या, नाहीतर नुसतं वाईटच दिसत राहतं आणि मग हात चालत नाहीत.

पुढे मला कळलं की हाच क्रम सुमारे पाचशे वर्षांपूर्वी जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेला आहे. दिवसाच्या शेवटी आपल्या मनाची तपासणी करायची त्यांची जी पद्धत आहे, तिची पहिली पायरी आहे मिळालेल्या कृपांबद्दल देवाचे आभार मानणं. आपल्या चुका शोधणं त्याच्या नंतर येतं. रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठात शिकलेल्या एका जेझुइट फादरांनी मला हे समजावलं. आम्ही प्रोटेस्टंट माणसं; आमच्या उपासनेत पापांगीकार लवकर येतो, आणि मी वाढले ती देवासमोर आधी आपली चूक शोधायच्या वळणात. आभारांपासून सुरुवात केली की चुका लहान होत नाहीत, पण त्या कोणासमोर मांडायच्या आहेत हे आधी स्पष्ट होतं. मला हा क्रम फार शहाणा वाटतो. इग्नेशियस हे सैनिकी वळणाचे सरदार होते. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि बरं होईपर्यंत अंथरुणात पडून राहावं लागलं, तिथून त्यांचं आयुष्य वळलं. म्हणजे त्यांचीही शिकवणी आजारपणातच झाली.

मावशी एकदा मला म्हणाल्या, "उपकार नुसते तोंडानं मानले की ते वाळून जातात." तेव्हा मला केडगाव आठवलं.

आमच्या आईची आजी केडगावच्या मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या निराधार मुली-विधवांसाठीच्या आश्रमात वाढली. १९०० च्या दुष्काळातली मुलगी. आपलं गाव तिला धड आठवत नव्हतं. आईबापांची नावं आठवत होती. जेवताना भाकरीचा तुकडा पदराला बांधून ठेवायची सवय तिला म्हातारपणापर्यंत होती, असं आई सांगायची. आमच्या घराण्याची सुरुवातच अशी एका बाईनं वाचवलेल्या एका पोरीपासून होते. त्यामुळे पंडिता रमाबाई हे नाव आमच्या घरी पुस्तकातलं नाव म्हणून कधी आलं नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात, तीर्थाटन करता करता, त्यांचे आईवडील उपासमारीनं गेले. थोरली बहीण गेली. भाऊ होता, तोही १८८० मध्ये गेला. लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पटकीनं नवरा गेला. पदरी तान्ही मनोरमा. इतकं सोसलेली ती चोवीस वर्षांची विधवा पुण्यात आली आणि त्याच वर्षी इथं तिनं आर्य महिला समाज काढला. पुढच्या वर्षी इंग्लंडला जाऊन त्या ख्रिस्ती झाल्या, आणि त्याबद्दल पुण्यानं त्यांना काय काय ऐकवलं ते जगजाहीर आहे. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन त्यांनी १८९० मध्ये पुण्यात आणलं. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई स्वतः तिकडं गेली आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आली. पुण्यात प्लेग होता. केडगावच्या माळावर त्यांची राहायची सोय झाली. मग १९०० चा दुष्काळ, आणखी मुली. त्यांतली एक आमची.

दुष्काळातून आपण वाचलो, याचे आभार रमाबाईंनी कसे मानले? दुसऱ्या दुष्काळात उतरून. मी हे असं समजते. पोटात भूक काय असते ते ठाऊक असलेली बाई पुन्हा त्याच भुकेसमोर जाऊन उभी राहिली. मुक्तीत मुली शेती करायच्या, विणायच्या, छापखाना चालवायच्या. १९०५ मध्ये तिथं मोठं आध्यात्मिक पुनरुज्जीवन झालं. मुली दिवस दिवस प्रार्थनेत रडत, गात, पापं कबूल करत. आजही ख्रिस्ती सभांमध्ये त्याचं वर्णन निघालं की लोक सरसावून बसतात. त्या पुनरुज्जीवनाला कमी लेखायचं माझ्या मनात नाही. पण मला वाटतं, ते ज्या जमिनीवर उतरलं, ती जमीन आधी कित्येक वर्षं जात्यावर दळण दळून, पोरींच्या डोक्यातल्या उवा काढून आणि रात्री घाबरून उठलेल्यांना कुशीत घेऊन तयार झालेली होती. १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. तरी रमाबाईंनी हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. ते पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

दौंडच्या गाडीनं मी वहिनीला घेऊन केडगावला गेले होते. तिथं काही विशेष घडलं नाही. आम्ही आवारात फिरलो, चिंचेच्या झाडाखाली डबा खाल्ला, परतीच्या गाडीत वहिनी खिडकीशी झोपली. पण पुढच्या आठवड्यात तिनं मला विचारलं की तुमच्या त्या डबे देणाऱ्या गटात माणूस कमी आहे का. कोरोनात सुरू झालेला तो गट अजून चालू आहे. ससूनला बाहेरगावाहून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना आठवड्यातून दोनदा जेवण जातं. वहिनी आता पोळ्यांचं बघते. तिच्या घरी डबे आले होते, आता तिच्या घरून जातात. ती याबद्दल काही बोलत नाही आणि मी विचारत नाही.

पौल म्हणतो की आपलं बाहेरचं माणूसपण झिजत चाललं तरी आतलं दिवसेंदिवस नवं होत जातं. नवं होणं म्हणजे एका रात्रीत सगळं पालटणं, अशी माझी कल्पना होती. लोकांच्या साक्षी ऐकूनच ती झाली असणार: अमुक दिवशी प्रार्थना केली, त्या क्षणी ओझं उतरलं. काहींचं उतरतही असेल. माझं तसं झालं नाही. आधी गीतं पुन्हा म्हणता येऊ लागली, फक्त ओठांनी. मग एका सकाळी चहा करताना मी दादाचं आवडतं गीत गुणगुणत होते आणि रडत नव्हते. मग रात्री अंथरुणावर मावशींसारखी यादी सुरू केली. दिवस वाईट असेल तेव्हा ती छोटी असते. पाणी आलं. मुलगा वेळेवर घरी आला. सिंहगड रोडला आज गाडी अडकली नाही. त्यानंतर तक्रारी, त्या बहुधा जास्त. आमेन.

आणि तक्रारींना तोटा नाही. शहर वाढलंय, माणसं थकली आहेत. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरची एकतानगरी पाण्यात गेली, तेव्हा आमच्या मंडळीतल्याही एका घरातलं सगळं सामान वाहून-भिजून गेलं. २०२५ च्या जानेवारीत त्याच भागात गुइलेन बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले आणि लोक प्यायच्या पाण्याच्या ग्लासाकडेही संशयानं बघू लागले. तरुण पोरांच्या नोकऱ्या एका ई-मेलनं जातात. आपल्या श्रद्धेबद्दल मोकळेपणानं बोलावं की नाही, याचाही अलीकडे काही जण दोनदा विचार करतात. हे सगळं मी प्रार्थनेत म्हणते. यांतलं काहीही "भल्यासाठीच" आहे असं म्हणत नाही. एकतानगरीच्या त्या घरात दुसऱ्या दिवशी गुरुद्वारातून लंगरचं जेवण आलं, शेजारच्या गणेश मंडळाच्या पोरांनी चिखल उपसला, आमच्या तरुण संघानं गाद्या आणि शेगडी नेली. त्याबद्दल मात्र नाव घेऊन आभार मानते. त्या पोरांची नावं मला माहीत नाहीत, देवाला आहेत.

वर्षअखेरच्या उपासनेत मी अलीकडे पाळकसाहेबांना एक विनंती केली होती आणि त्यांनी ती लगेच मानली. साक्षी सुरू होण्याआधी ते आता म्हणतात की, ज्यांचं वर्ष जड गेलं त्यांनीही उभं राहावं. चांगलं सांगता येत नसेल तर जे आहे ते सांगावं, मंडळी त्यालाही आमेन म्हणेल. पहिल्या वर्षी बराच वेळ कोणी उठलं नाही. मग मागच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले, ज्यांच्या पत्नीला आता कोणीच ओळखू येत नाही. म्हणाले, "ती मला ओळखत नाही. पण मी भरवलं तर जेवते. एवढंच आहे." मंडळीनं आमेन म्हटलं, आणि ते मला त्या रात्रीचं सगळ्यात मोठं आमेन वाटलं.

या शनिवारी वहिनीकडे उपकारस्तुतीची सभा आहे. भाचीचं नर्सिंग पूर्ण झालं, तिला नोकरी लागली. दादा गेल्यापासून त्या घरातली ही पहिलीच सभा. पाळकसाहेबांनी वाचनासाठी स्तोत्र १०३ सुचवलं, त्याचे उपकार विसरू नको असं सांगणारं. वहिनी म्हणाली, ते वाचूच, पण आधी १३ वाचायचं. पाळकसाहेब क्षणभर थांबले, मग म्हणाले, तुम्हीच वाचा. सहाच वचनं आहेत, चार वेळा कोठवर आणि शेवटी गाणं. ती रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचून सराव करते आहे. सभा सहा वाजता आहे, मावशींना आणायला रिक्षा सांगितली आहे, आणि भाचीचा हट्ट आहे की चहा-बिस्किटांवर भागवायचं नाही, सगळ्यांना पावभाजी द्यायची.